तळ्याभोवती चार बिऱ्हाडं

विंचवाचं बिऱ्हाड त्याच्या पाठीवर असतं म्हणतात. माझ्या थोरल्या भावाचं बिऱ्हाड माझ्या ट्रकवर होतं. जुमाकादिरला घर बदलायची खोड आहे हे तळ्याकाठच्या निम्म्या गावांना ठाऊक आहे, पण त्या खोडीची शिक्षा कोणाला झाली हे कुणी विचारत नाही.

आम्ही मूळचे बालिकचीचे. इस्सिक-कुल तळ्याच्या पश्चिम टोकाला आमचं गाव, आणि गावात वारा. दुसरं काय आहे विचाराल तर मासे आहेत, रेल्वेचं शेवटचं स्टेशन आहे, बंद पडलेल्या कारखान्यांच्या भिंती आहेत. पण पहिला वाराच. दोरीवर वाळत घातलेला सदरा दोन गल्ल्या पलीकडे सापडतो आणि ज्याच्या अंगणात सापडतो तो आधी अंगाला लावून बघतो. इथे चहात थोडी वाळू असायचीच. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. दादाला वाटायचं.

दादा भट्ट्या बांधतो. घर तापवायची विटांची भट्टी, तिच्यावरच स्वयंपाक, तिच्या मागच्या भिंतीला टेकून म्हातारी माणसं बसतात, तसली. हे काम असं की कुठल्याही गावात जा, उपाशी राहणार नाही. आमचं नशीब फुटलं ते इथेच. तो शाळामास्तर असता किंवा स्टेशनवर नोकरीला असता तर एका जागी बसला असता.

सादात वहिनी कोचकोरची. उंचनिंच, मोठ्या आवाजाची. बस थांबली रे थांबली की धुरावलेले मासे घेऊन खिडकीखाली हजर. तिच्याशी घासाघीस करून कुणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही.

एका वर्षी वसंतात मोठं वादळ झालं आणि दादाच्या घराचे अर्धे पत्रे उडाले. मी मदतीला गेलो तर हा छपरावर उभा, हातात हातोडी, आणि ठोकत काहीच नाही. तळ्याच्या दक्षिण काठाकडे बघतोय.

"मेदेर," तो वरूनच ओरडला, "तोसोरला वारा नसतो, माहीत आहे का तुला?"

"पत्रा धर आधी!"

"जर्दाळू पिकतात तिथे. दारातून हात बाहेर काढायचा आणि खायचा."

"दादा, पत्रा!"

तो खाली उतरला. पत्रे मी ठोकले. महिन्याभरात ते घर विकलं गेलं आणि मी ट्रकमध्ये त्यांचा संसार भरत होतो. काचेचं कपाट, लग्नातला शिरदाक म्हणजे लोकरीचा गालिचा, चहाचा पितळी समोवार, कोंबड्या, आणि सगळ्यात वर बसायचा हट्ट करणारी त्यांची लेक नुरझात. वहिनीने भांडी कापडात गुंडाळून दिली. नवीन लग्न नव्हतं, पण नवऱ्यावर विश्वास टाकायला जागा होती अजून.

तोसोरला ऊन होतं. खरंच होतं. पहिल्या उन्हाळ्यात दादाने मला जर्दाळूंची पेटी पाठवली आणि बरोबर निरोप, की मूर्खा, तूही ये. शेजारी एक म्हातारा होता, शाकिर नावाचा. तो मला म्हणाला, "तुझ्या भावाला सांग. इथे येणारा म्हणतो, वा, इथे ऊन आहे. जाणारा म्हणतो, छे, इथे ऊनच आहे."

दादाने मनावर घेतलं नाही. पुढच्या एप्रिलात झाडं फुलांनी पांढरी झाली आणि पहाटे हिम पडलं. गावातल्या लोकांनी बागांमध्ये ओला पालापाचोळा पेटवून धूर केला. दादा धुराचाच माणूस, त्याने तर अख्खी बाग काळी केली. तरी फुलं जळाली. त्याच्या पुढच्या वर्षीही जळाली. शिवाय पाटाच्या पाण्याची पाळी. पाळी यायची तेव्हा पाणी नसायचं, पाणी असायचं तेव्हा पाळी दुसऱ्याची. एकदा दादाने आणि पाटाच्या वरच्या शेतकऱ्याने एकमेकांवर फावडी उगारली. वहिनी मधे पडली म्हणून दोघे शाबूत राहिले.

मी भेटायला गेलो की दादा पूर्वेकडे बघत असायचा. मला ती मान ओळखू यायला लागली होती.

"कराकोलकडे," तो म्हणाला, "पाण्यासाठी भांडावं लागत नाही. आकाशातून पडतं. गवत इथपर्यंत." त्याने छातीला हात लावला.

"आणि बर्फ?"

"बर्फ कुठपर्यंत असतो ते बघू तिथे गेल्यावर."

ट्रक पुन्हा भरला. या वेळी वहिनीने भांडी जरा जोरात आपटली. कपाटाची एक काच बार्स्कूनच्या वळणावर फुटली आणि त्याबद्दल मला बोलणी बसली, जणू रस्ता मी खणला होता.

कराकोलजवळच्या आक-सूला बर्फ खांद्यापर्यंत होता. उरलेले महिने चिखल. इतका की नुरझातचा एक बूट शाळेच्या वाटेवर रुतला तो रुतलाच. भिंतींना ओल, पिठाला ओल. गवत मात्र खरोखर छातीपर्यंत. बटाटे तर असे पिकायचे की शेजारी रात्रीतून तुमच्या दारात पोतं ठेवून पळतात असं लोक विनोदाने सांगत. सगळ्यांकडेच बटाटे, मग घेणार कोण?

पण वहिनी तिथे वेगळीच झाली. तिने एक तांबडी गाय घेतली. त्या गवतावर गाय असं दूध देऊ लागली की घरातली सगळी पातेली कमी पडायची. पलीकडच्या घरात रापिया नावाची विधवा राहायची, तोंडाने फटकळ, पण मनाने साफ. तिच्याकडे साय काढायचं यंत्र होतं. दोघी मिळून साय काढायच्या आणि कराकोलच्या बाजारात नेऊन विकायच्या. पुढे पुढे तर बाजारात लोक येऊन विचारायचे, "सादातची साय आली का?" दुसऱ्या बायकांची साय समोर असायची, तरी थांबायचे. मी एकदा माल पोचवायला गेलो होतो तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वहिनी फळीमागे उभी, बाह्या वर सरकवलेल्या, गालांवर लाली, आणि शेजारी रापिया गिऱ्हाइकांना दटावतेय, "बोट घालून चाखू नका, डोळ्यांनी चाखा!"

दादा त्या दिवशी माझ्याबरोबर होता. त्याने हे पाहिलं का? पाहिलं असेल. तो मला म्हणाला, "माझे गुडघे दुखतात रे या ओलीने. आणि भट्टीची माती वाळत नाही. एक भट्टी उभी करायला इथे दुप्पट दिवस लागतात."

मी म्हटलं, "दादा, आता बोलू नकोस."

"उत्तर काठावर," तो म्हणालाच, "पाऊस बेताचा, वारा बेताचा. आणि उन्हाळ्यात शहरातली माणसं येतात पोहायला. खोल्या द्यायच्या, बसून खायचं."

त्या रात्रीच्या जेवणात वहिनी आणि त्याच्यात काय झालं ते मला ठाऊक नाही. मी भिंतीपलीकडे होतो आणि ऐकायचं नाही म्हणून रेडिओ मोठा केला होता. पण सकाळी वहिनी अंगणात गाईला खरारा करत होती आणि करतच राहिली. मी म्हटलं, "वहिनी, मी नाही म्हणून सांगू का त्याला? ट्रक बिघडला म्हणतो."

"सांगून बघा. ते दुसऱ्याचा आणतील. मग तो तुमच्यापेक्षा जास्त फोडेल." मग म्हणाली, "भावजी, गाय नेणार आहे मी. तेवढं बघा. तिला हौद्यात नीट बांधा."

बांधली. तळ्याच्या पूर्व टोकाला वळसा घालून आम्ही उत्तर काठावरच्या बोस्तेरीला उतरलो. वाटेत दादा केबिनमध्ये माझ्या शेजारी बसून गात होता. हे मी आधीही पाहिलं होतं, पण त्या दिवशी लक्षात आलं. एक घर सोडलेलं आणि दुसरं अजून न आलेलं, अशा वेळी माझा भाऊ जितका खूश असतो तितका कुठल्याच घरात नसतो. मला इतका राग आला की मी मुद्दाम खड्ड्यातून गाडी घातली.

बोस्तेरीच्या घराला चार खोल्या होत्या. जून उजाडला की चारही पाहुण्यांना जायच्या आणि घरचे तिघे मागच्या शेडमध्ये झोपायचे. नुरझात तोवर मोठी झाली होती. ही तिची चौथी शाळा. रस्त्यावर पहाटेपर्यंत गाणी वाजत, कुणी ना कुणी ओला टॉवेल घेऊन स्वयंपाकघरात घुसे आणि गरम पाणी मागे. सप्टेंबरात सगळे निघून जात आणि मागे उरत बंद टपऱ्या आणि कुत्री. दादाला त्या थंडीत भट्ट्यांचं कामही मिळेना, कारण निम्मी घरं हिवाळ्यात रिकामीच.

आणि मग गाईचं झालं.

पाहुण्यांना शेणाचा वास येत होता. पोहायला आलेली एक बाई म्हणाली, आम्ही इथे शुद्ध हवा खायला आलोय. तिने दादाला सांगितलं, दादाने ऐकून घेतलं, आणि एका मंगळवारी वहिनी नुरझातला घेऊन कोचकोरला माहेरी गेलेली असताना त्याने गाय विकून टाकली. परत आल्यावर वहिनीने गोठ्यात डोकावलं. गोठ्यात पाहुण्यांच्या गाडीची चाकं आणि रबरी बोट ठेवली होती.

हे मला नुरझातने सांगितलं. ती म्हणाली, "काका, आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बोट बाहेर काढली, गोठा झाडला, आणि पाहुण्यांसाठी आमलेट करायला गेली."

मला वाटलं मिटलं. दादालाही वाटलं. दोन उन्हाळे गेले. मग एका ऑक्टोबरात दादाचा फोन आला.

"मेदेर, विचार करतोय. बालिकची काही वाईट नव्हतं."

मी बसलेला होतो म्हणून पडलो नाही. "काय म्हणालास?"

"डास नाहीत. चिखल नाही. फळबागेची कटकट नाही. पाहुणे नाहीत. वारा आहे, पण वाऱ्याने हवा साफ राहते. आपल्या घराशेजारचंच घर विकायला आहे."

"दादा, पत्रे उडाले होते!"

"पत्रे नवीन पद्धतीने ठोकतात आता."

बायकोने, बुरुलने, माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घर विकत घेऊन झालं होतं. त्याने नेहमीप्रमाणे आधी घेतलं होतं आणि मग विचार करायला बसला होता.

मी ट्रक घेऊन बोस्तेरीला गेलो. सामान बांधून तयार होतं, आणि ते बघून मी जरा चकित झालो, कारण बांधाबांध दोन ढिगांत होती. एका ढिगात दादाची अवजारं, गाद्या, टेबल, रेडिओ. दुसऱ्यात कपाट, शिरदाक, समोवार, वहिनीचं आणि नुरझातचं सामान. मी दोन्ही चढवायला लागलो. वहिनी म्हणाली, "भावजी, ह्यांचं पुढे ठेवा, माझं मागे. माझं आधी उतरायचंय."

दादा म्हणाला, "सगळं एकाच दारात उतरायचंय, आधी काय आणि मागे काय?"

"माझं आक-सूला उतरायचंय."

दादा हसला. मग त्याच्या लक्षात आलं की आम्ही दोघं हसत नव्हतो.

"आक-सू? अगं तिथे चिखल! तुझ्या पिठाला बुरशी यायची!"

"यायची."

"बर्फाने दार उघडायचं नाही!"

"खिडकीतून जायचे."

"मग? मग काय आहे तिथे?"

वहिनी पायरीवर बसली. तिचा आवाज मोठा, पण त्या वेळी बारीक होता. "तुम्ही चार गावांचा वारा मोजलात, पाऊस मोजलात, ऊन मोजलंत. कुठे तुमचे गुडघे दुखतात, कुठे तुमची माती वाळत नाही, सगळं पाठ आहे मला. सादात, तू कुठे बरी होतीस, असं एकदा तरी विचारलंत? मी विचारायची वाट बघत होते. आता नाही बघत. रापियाने अर्धं घर दिलंय. गायही बघून ठेवलीय तिने."

"माझ्याशी न बोलता?"

"माझी गाय विकताना बोलला होतात?"

दादा माझ्याकडे वळला. "मेदेर, ट्रक बालिकचीला जाईल. पश्चिमेला."

आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांच्या भांडणात माझ्या हातात काहीतरी होतं, म्हणजे चाक. चिडून चिडून माझं डोकं भणभणत होतं. मी म्हटलं, "दादा, तू जिथे म्हणालास तिथे मी तुला नेलं. आज वहिनीचं सामान वहिनी म्हणेल तिथे जाईल. तुझं परवा नेतो. आणि पेट्रोल तू भर."

आम्ही पूर्वेला गेलो. वहिनीने मागे वळून पाहिलं की नाही ते मला आरशात दिसलं नाही, कपाट मधे होतं. नुरझात मधल्या सीटवर बसून वाटभर कणकेचे तळलेले बोरसोक खात होती, आणि आक-सूच्या फाट्यावर गाडी चिखलात रुतली तेव्हा टाळ्या वाजवून हसली. रापिया फावडं घेऊन आली. वहिनीला म्हणाली, "काय गं, मोठ्या लोकांच्यात राहून वाळलीस की!"

दादा बालिकचीला एकटा राहिला. मी जवळच, म्हणून रोज त्याला जेवायला न्यावं लागे, कारण त्याच्या घरात धूर असायचा. हसू नका. तळ्याकाठचा पहिल्या नंबरचा भट्टीवाला, पण त्या घराचं धुराडं अशा कोपऱ्यात होतं की वारा सुटला की धूर उलटा घरात. त्याने धुराडं उंच केलं. वाऱ्याने पाडलं. टोपी बसवली. टोपी उडाली. डोळे लाल करून तो आमच्याकडे यायचा आणि बुरुल त्याला वाढता वाढता म्हणायची, "भावोजी, हवा मात्र साफ आहे नाही आपल्याकडे?"

तो मान खाली घालून जेवायचा. एकदा पोर कशी आहे विचारलं. मी म्हटलं, फोन कर. एकदा म्हणाला, "रापियाच्या घरातली भट्टी मी पाहिली होती. कुण्या गाढवाने बांधलीय. अर्धी उष्णता भिंतीत जाते." मी म्हटलं, मग? म्हणाला, "मग काही नाही. सांगितलं."

नोव्हेंबरात आक-सूला मोठा बर्फ पडल्याची बातमी आली. सकाळी दादा दारात उभा. अवजारांची पिशवी खांद्यावर, हातात मासे.

"ट्रक काढ."

"सामान?"

"सामान नाही. मी भट्टी दुरुस्त करून येतो."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्रक काढला. हसू दाबणं मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक.

वहिनीने दार उघडलं. अंगावर गोठ्यातला कोट, हातात बादली. दादा म्हणाला, "भट्टी बघायला आलोय." ती म्हणाली, "बघा. थंड आहे तिकडे." एवढंच. मग तो आत गेला आणि दुपारपर्यंत विटा फोडायचा आवाज येत राहिला. रापिया कंबरेवर हात ठेवून उभी. "अरे, घर पाडतोस का माझं?" दादा आतून ओरडला, "घर राहू दे, ही भट्टी आहे का कबर आहे?" नुरझात माती मळून देत होती. माती वाळायला तिथे दुप्पट दिवस लागतात हे सगळ्यांना माहीत होतं. तोवर थंडीत बसणं आलं. तो आठ दिवसांनी येतो म्हणाला होता. आला नाही. त्याच्या गाद्या आणि रेडिओ मी नवीन वर्ष लागल्यावर नेऊन दिले, ते घर एका मासेवाल्याला भाड्याने दिलं, आणि तो मासेवाला अजूनही मला धुराबद्दल शिव्या घालतो.

त्यांनी आपसात काय मिटवलं ते मी विचारलं नाही. वहिनीने एक अट घातली होती म्हणतात, की इथून पुढे घर तिच्या नावावर घ्यायचं. रापियाच्या पलीकडचंच घेतलं, पुढच्या वर्षी. दादाचे गुडघे दुखतात. तो रोज सांगतो. बाजारात आता 'सादातची साय' दोन फळ्यांवर मिळते, एक फळी नुरझातची.

आणि गंमत अशी की, घर घ्यायचं असलं की लोक आता दादाचा सल्ला घ्यायला येतात. चारही बाजूंना राहिलेला माणूस! तो त्यांना दुपारभर चहा पाजतो आणि प्रत्येक गावाचं चांगलं आणि वाईट इतकं खुलवून सांगतो की ते आले त्यापेक्षा जास्त गोंधळून परत जातात. माझा जावई तर रडकुंडीला आला होता.

गेल्या वसंतात मी गेलो तेव्हा पावसाने त्यांच्या अंगणातली चर फुटली होती. दादा गुडघ्यापर्यंतचे बूट घालून पाण्यात उभा, आणि वहिनी खिडकीतून सांगतेय, "वरून खणा, वरून! खालून काय खणताय?" त्याने फावडं टेकवलं, घाम पुसला, आणि हळूच माझ्या जवळ आला.

"मेदेर, कोचकोरला म्हणे, ना वारा ना पाऊस. तुझ्या वहिनीचं माहेरही आहे."

मी म्हटलं, "दादा, ट्रक विकला मी. मागच्या महिन्यात."

त्याला खरंच वाईट वाटलं. मला न विचारता, म्हणाला. थोरल्या भावाला न विचारता! मग तो माझ्याशी बोलेना. जेवताना बोलला नाही, चहाला बोलला नाही. संध्याकाळी मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत आला, इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"कोणाला विकलास? माणूस कसा आहे? लांबच्या फेऱ्या करतो का?"

"ऐकू येतंय मला!" वहिनी गोठ्यातून ओरडली.